माझ्या नावाचा सज्जन माणूस

रोझारियो मास्तरांनी मला अकरा वर्षं फसवलं, आणि माझ्या नावाने बैरा बंदरातल्या एका बाईला फसवलं. पैशांत नव्हे. पैशांत फसवलं असतं तर पहिल्याच महिन्यात मी त्यांना धरलं असतं, त्या बाबतीत माझं नाक तेज आहे. त्यांनी मला फसवलं ते जिथे माझं नाक चालत नाही तिथे, पोर्तुगीज भाषेत.

मी मूळचा अमळनेरकडचा. सुरतेत आलो तेव्हा उधन्याला लूमवर बारा-बारा तासांची पाळी केली, कोसाडला एका खोलीत सहा जण राहिलो. आज भेस्तानला माझं स्वतःचं युनिट आहे. आम्ही छापील कापड करतो. मोझांबिकमधल्या बायका कमरेला गुंडाळतात, पाठीशी मूल बांधतात, लग्नात देतात आणि मयतावर पांघरतात, ते कापड. बैरा हे तिकडचं बंदर. तिथे दोना ग्रासा नावाच्या बाईंची घाऊक पेढी आहे. दोना म्हणजे आपल्याकडे बाईसाहेब म्हणतात तसं. माझ्या युनिटमधलं निम्मं काम या एका बाईंचं. बाई हातच्या गेल्या तर माझी निम्मी माणसं घरी बसतील, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि आजही आहे.

माझा स्वभावही सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी भांडून मोठा झालो. भाव करताना माझा आवाज वाढतो आणि समोरच्याचे आजोबा-पणजोबाही त्यात येतात. रिंगरोडच्या मार्केटात याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. तिथे गप्प बसणाऱ्याला मूर्ख समजतात.

बाईंना पोर्तुगीजशिवाय काही येत नाही. सुरुवातीला मी माझं इंग्रजी मोबाइलकडून पोर्तुगीज करून घ्यायचो. एकदा मी कळवलं की तुमची ऑर्डर पाइपलाइनमध्ये आहे. आमच्याकडे सगळेच असं लिहितात. मोबाइलने काय केलं कोण जाणे, पण बाईंनी घाबरून विचारलं की कापड तेलाच्या नळातून का पाठवताय, डाग पडतील, बोटीनेच पाठवा. तीन दिवस ऑर्डर थांबली. तेव्हा रंगाच्या एका दलालाने मला नानपुऱ्यातल्या रोझारियो मास्तरांचं नाव सांगितलं.

मास्तर मूळचे मोटी दमणचे. दमणमध्ये पोर्तुगीजांचं राज्य होतं तोवर शाळा पोर्तुगीजमध्ये शिकले. राज्य गेलं तेव्हा ते मिसरूड न फुटलेले होते. मग इंग्रजी शिकले आणि पुढे सुरतेच्या एका शाळेत जन्मभर इंग्रजीच शिकवलं. निवृत्तीनंतर पोर्तुगालला निघालेल्या दमण-दीवच्या लोकांना ते संध्याकाळी भाषा शिकवायचे. घरात ते एकटेच. अंगाने काटकुळे, पट्टा शेवटच्या भोकात अडकवलेला, खिशात दोन पेनं. चहा बशीत ओतून प्यायचे, पण पिताना आपल्याकडे पाठ करायचे. समोरच्याच्या तोंडावर फुरका मारणं त्यांना असभ्य वाटायचं. फुरका सोडायला मात्र तयार नव्हते.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझा पारा चढवला. मी एका ओळीचं काम घेऊन गेलो होतो. बाईंनी भाव पाडून मागितला होता आणि मला इंग्रजीतलं ठरलेलं वाक्य पाठवायचं होतं, की मी काही काल जन्मलेलो नाही. मास्तरांनी ते वाचलं, कोपऱ्यातली रिकामी खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, बाई बसल्या आहेत, आता बोला. मी म्हटलं, मास्तर, मला वेळ नाही. ते म्हणाले, बाईंनाही नाही. मग त्यांनी वही उघडली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे पोर्तुगीज, आणि मध्ये एक रिकामा रकाना. हा रकाना भरल्याशिवाय ते उजवीकडे पेन नेत नसत. त्यात काय भरायचं? तर हे ऐकल्यावर बाईंनी काय करावं असं तुम्हाला वाटतं, ते.

"भाव वाढवावा," मी म्हटलं.

"या वाक्याने बाई उठून जातील. बसल्या राहिल्या तर भाव वाढवतील ना?"

मी चिडून म्हटलं, काय लिहायचं ते लिहा. त्यांनी लिहिलं. माझी एक ओळ, त्यांच्या सात. मी बोट ठेवून विचारलं की हे एवढं कुठून आलं. ते म्हणाले, पोर्तुगीज भाषेचं खटलं मोठं आहे, घरातल्या सगळ्यांची विचारपूस केल्याशिवाय तिला कामाचं बोलता येत नाही. मी कापडवाला माणूस. धुतल्यावर आटणारं कापड मला ठाऊक, बोलल्यावर वाढणारी भाषा मी कधी पाहिली नव्हती. मी विश्वास ठेवला. बाईंनी भाव वाढवला, त्यामुळे विश्वास पक्का झाला. धंदेवाल्या माणसाची हीच गोची असते, फायदा झाला की तो चौकशी बंद करतो.

त्यानंतर महिन्यातून तीन-चारदा तरी नानपुऱ्याचा जिना चढत राहिलो. मी माझ्या इंग्रजीत लिहून न्यायचो, मास्तर पोर्तुगीज कागदावर हाताने उतरवायचे, आणि माझा मुलगा निलेश त्याचा फोटो काढून बाईंना पाठवायचा. बाईही कागदावर लिहून फोटो पाठवायच्या, तो मास्तर मला वाचून दाखवायचे. टाइप केलेलं पत्र म्हणजे बँकेची नोटीस, असं मास्तरांचं मत. त्यांचं अक्षर उजवीकडे कललेलं होतं, वाऱ्याने ऊस झुकावा तसं. खाली सही 'पाटील' अशी तेच करायचे. माझी सही त्यांना आवडत नसे. म्हणायचे, ही सही नव्हे, हा कुणीतरी पायरीवरून घसरला आहे.

माझ्या इंग्रजीची तर त्यांनी कधीच गय केली नाही. तुमचं इंग्रजी भाड्याच्या सायकलसारखं आहे, म्हणायचे, ब्रेक कुणाचा, घंटी कुणाची, आणि पडलात तर गुडघा मात्र तुमचा. बाजारात सगळे वापरतात ते तयार तुकडे मी वापरायचो. मास्तर असा तुकडा दिसला की कपाळाला हात लावायचे. काम बाजूला राहायचं आणि वर्ग सुरू व्हायचा. महाग वस्तूसाठी इंग्रजाचा एक हात आणि एक पाय जातो. पोर्तुगीजाचे तोंडावरचे दोन्ही डोळे जातात. तुमच्यात काय जातं? मी म्हटलं, आमच्यात कंबरडं मोडतं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं आणि समाधानाने म्हणाले, पाटीलभाई, म्हणजे तीन भाषांत मिळून माणूस पुरा संपला. खाली माझा टेम्पो उभा होता, ड्रायव्हर हॉर्न देत होता, आणि हे गृहस्थ माणसाचे अवयव मोजत होते.

एकदा मला लिहायचं होतं की सूट हवी तर डुकरांना पंख फुटेपर्यंत थांबा. मास्तर म्हणाले, पोर्तुगीजांत डुक्कर उडत नाही, कोंबडीला दात येतात. मी म्हटलं, मग कोंबडी लिहा. नाही लिहिणार, म्हणाले. मी विचारलं, का? तर म्हणाले, बाई विधवा सासूला सांभाळतात, अशा बाईला कोंबडीचे दात दाखवायचे नसतात. सासूचा आणि सूट देण्याचा काय संबंध? पण त्यांना विचारून उपयोग नसे. वही मिटायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. मी नरम पडेपर्यंत बघायचे. मी जन्मभर भाव केला, पण न बोलता भाव करणारा हा एकच माणूस पाहिला.

मी फार तापलो की ते म्हणायचे, आज दोन बेडूक गिळा. पोर्तुगीजमध्ये अपमान मुकाट पोटात घालण्याला बेडूक गिळणं म्हणतात. मी म्हणायचो, मास्तर, मी खान्देशी माणूस, मिरचीचा ठेचा गिळेन, बेडूक नाही. ते म्हणायचे, ठीक, मग तुमच्या वाटचा मी गिळतो. मला वाटायचं थट्टा करताहेत.

घरी येऊन मी बडबड केली की आमची सुमन मास्तरांचीच बाजू घ्यायची. तिने त्यांना एकदाच पाहिलं होतं, दिवाळीला डबा द्यायला गेली तेव्हा. "तुमनं तोंड तुमले दिखत नही," म्हणायची, "त्या मास्तरले दिखस."

लाल रंगाचं प्रकरण मी विसरू शकत नाही. एका वर्षी आमच्या लाल छपाईचा रंग सुटला. पूर्ण लॉट गेला होता. धुतल्यावर पांढऱ्या फुलांवर गुलाबी ओघळ आले. बाईंचं पत्र आलं, चांगलं दोन पानी, आणि मी ते घेऊन धावत मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, पुन्हा पहिलं वाचलं. मग मला सांगितलं की बाई म्हणतात, तुमच्या लाल रंगाला समुद्र पाहायची फार घाई झालेली दिसते, पण माझ्या गिऱ्हाइकांना तो कापडावरच राहिलेला आवडेल. आणि दुसऱ्या पानावर काय आहे? तब्येतीची विचारपूस आहे, म्हणाले.

मी खाली मान घातली. बाईने शिवी दिली असती तर मी दहा शिव्या दिल्या असत्या, तुमच्याकडचं पाणीच खारं म्हणून सांगितलं असतं, आणि एक मीटरसुद्धा बदलून दिलं नसतं. पण इतक्या सभ्यपणे बोलणाऱ्या बाईशी भांडणार कसा? मी पुरा लॉट बदलून दिला. आयुष्यात पहिल्यांदा, न भांडता.

बाईंचे यजमान वारले तेव्हाचंही सांगायला हवं. बातमी आली तो आमच्या छपाईचा भर होता. दोन मशीनं बंद पडलेली, मी कावलेला. मास्तरांना म्हटलं, वाईट वाटलं असं कळवा, आणि बोट कधी लागते ते विचारा. त्यांनी पेन खाली ठेवलं. विचारलं, एवढंच? मी म्हटलं, अशा वेळी जे लिहितात ते लिहा, मला काय कळतं. ते म्हणाले, बरं, उद्या या. दुसऱ्या दिवशी दोन पानं तयार होती. मी बघितलीही नाहीत. फोटो काढून पाठवली.

अशी अकरा वर्षं गेली. मग मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. एकाचं ऑपरेशन बिघडलं. दमणहून भाची आली, वह्यांच्या तीन पेट्या आणि मास्तरांना घेऊन गेली. जाताना ते मला म्हणाले, आता थोडे दिवस बाईंना कमी लिहा. मी म्हटलं, मोबाइल आता हुशार झालाय, मास्तर, तुमची चिंता नको.

मोबाइल खरंच हुशार झाला होता. माझं मराठी तो जसंच्या तसं पोर्तुगीज करायचा. बाईंनी नव्या मालात तीन नक्ष्या बदलून मागितल्या, तेही छपाई सुरू झाल्यावर. मी माझ्या पद्धतीने सुनावलं. माल म्हणजे काय तुमच्या घरची भाजी आहे का, आयत्या वेळी मीठ वाढवायला, वगैरे. अजूनही बरंच होतं. पाठवून दिलं आणि मोकळा झालो. खरं सांगतो, बरं वाटलं.

आठवडाभर उत्तर नाही. मग उत्तर आलं ते माझ्या नावाने नाही, निलेशच्या नावाने. निलेशने मोबाइलवर त्याचा अर्थ लावला आणि तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागला. मी म्हटलं, वाच. त्याने वाचलं.

बाईंनी माझ्या मरणाचं दुःख कळवलं होतं. लिहिलं होतं की तुमच्या वडिलांची तब्येत बरी नसावी असा संशय मला होता, कारण त्यांचं पत्र बरेच दिवस आलं नाही. इतका सौम्य, इतका मोठ्या मनाचा माणूस मी व्यापारात दुसरा पाहिला नाही. देव त्यांना शांती देवो. त्यांच्या खुर्चीवर आता जो कुणी गावंढळ माणूस बसून मला लिहितो आहे, त्याला दूर करा. तोपर्यंत नवी ऑर्डर देणार नाही. मी स्वतः सुरतेला येते आहे, तुमच्या आईला भेटायला.

सुमन हसून हसून पदर तोंडात कोंबत होती. मला हसू आलं नाही. निम्मं युनिट त्या कागदावर लटकत होतं. आणि तो सौम्य, मोठ्या मनाचा माणूस कोण, हे आता मला कळायला लागलं होतं.

आम्ही लगेच कळवलं की पाटील जिवंत आहेत. तरी बाई आल्याच. उंच, धिप्पाड, साठीच्या पुढच्या, एक गुडघा धरून चालणाऱ्या. भेस्तानच्या ऑफिसात शिरल्या, मला खालपासून वर पाहिलं आणि टेबलावर एक फाइल आपटली. टेबलावर निलेशचा मोबाइल ठेवला होता. त्या बोलल्या की तो मराठीत बोले, मी बोललो की पोर्तुगीजमध्ये. त्या यंत्राला राग कळत नाही. बाई डोळे वटारून बोलायच्या आणि तो रेल्वेच्या घोषणेसारखा सांगायचा.

पहिला अर्धा तास त्यांनी मला झोडपलं. नक्ष्या, उशीर, पॅकिंग, आणि त्या गावंढळ निरोपाबद्दल. मी निरोप निलेशवर ढकलला. बाप म्हणून ते मला शोभलं नाही, पण निलेशने मान खाली घालून घेतली. मनात मी चकित होतो. ही बाई तर माझ्याच जातकुळीची होती. टेबल ठोकत होती, कापड नखाने खरवडत होती, मी एक आकडा बोललो की कपाळ बडवून घेत होती. हिच्याशी मी अकरा वर्षं भांडलो असतो तर काय बहार आली असती. मास्तरांनी माझी तीही मजा खाल्ली.

मग त्यांनी फाइल उघडली. मास्तरांच्या कललेल्या अक्षरातली सगळी पत्रं, छापून, ओळीने लावलेली. लाल रंगाच्या वेळचं पत्र काढलं आणि त्यांचा आवाज उतरला. म्हणाल्या, त्या वेळी मी तुम्हाला लिहिलं होतं की तुम्ही बिटाच्या रसात कापड बुडवता, तुम्ही चोर आहात, आणि हे कापड तुमच्याच तिरडीला लागो. दुसऱ्या पानावर त्याहून वाईट होतं. मला वाटलं होतं संबंध तुटला. त्यावर तुमचं हे पत्र आलं. एक शब्द उलट नाही. आणि माल बदलून दिलात. त्या दिवशी मी ठरवलं की कापड घेईन तर या माणसाकडूनच.

दुसऱ्या पानावरची तब्येतीची विचारपूस ती हीच.

शेवटी त्यांनी पर्समधून एक पत्र काढलं. ते फाइलमध्ये नव्हतं. घडीवर चिरलेलं, मागून पारदर्शक पट्टी लावलेलं. यजमान गेले तेव्हाचं. त्या म्हणाल्या, वर्षभर मी रोज हे वाचलं. यात तुम्ही लिहिलंत की घरातलं माणूस गेलं की पहिले काही दिवस लोक येतात, मग फक्त त्याची खुर्ची येते; तिला हाकलू नका, जेवायला वाढा. मोबाइल हे सगळं रेल्वेच्या आवाजात सांगत होता. निलेश खिडकीकडे वळला.

मग बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मोबाइल आपल्या तोंडाशी नेला.

"अक्षर दुसऱ्याचं असणार, ते मला पहिल्यापासून कळतं. शब्द कुणाचे?"

माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता आणि तो टाकता येत नव्हता. खरं सांगितलं असतं तर ती पत्रं त्या जागीच कागद झाली असती आणि ऑर्डर गेली असती. आधी कुठलं वाईट वाटलं ते मी सांगू शकत नाही. मी भाव करताना शंभरदा खोटं बोललो आहे. खरेदी इतक्याची आहे, घरून आलोय, मुलाची शपथ. ते खोटं दोघांनाही माहीत असतं. हे तसं नव्हतं.

"माझे," मी म्हटलं.

बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझ्या दोन्ही गालांना गाल लावले. आमच्या युनिटमधली माणसं काचेतून बघत होती. मग विचारलं, आता तसं का लिहीत नाही? मी म्हटलं, डोळे गेले, मोतीबिंदू. मास्तरांचा मोतीबिंदूसुद्धा मी उसना घेतला. बाई म्हणाल्या, मग सावकाश लिहा, पण तुम्हीच लिहा. आणि माझ्या गुडघ्याचं दर पत्रात विचारायचात ते आता का विचारत नाही?

मी त्यांच्या गुडघ्याचं कधीही विचारलं नव्हतं. त्यांना गुडघा आहे हेच मला त्या दिवशी कळलं.

बाई विमानात बसल्या आणि मी गाडी दमणला काढली. बारडोलीला माझं काम खोळंबलं होतं, ते तसंच टाकलं. रस्ताभर मी काय काय बोलणार ते जुळवत होतो. भाचीचं घर मोटी दमणला किल्ल्याच्या आत. मास्तर ओट्यावर पाय पसरून बसले होते आणि भाची त्यांच्या पायाची नखं काढत होती. मी उभ्या उभ्याच सुरू केलं. लाल रंग, बिटाचा रस, दोन पानं, गुडघा. सगळं बोलून घेतलं. भाची नेलकटर हातात घेऊन थांबली. मास्तर शांतपणे ऐकत होते. माझ्या मरणाचं दुःख कळवणारं पत्र आलं हे सांगितलं, तेव्हा मात्र ते हसायला लागले. खोकला लागेपर्यंत हसले. ते पत्र दोनदा वाचायला लावलं, मूळ पोर्तुगीजमध्ये, मोबाइलच्या आवाजात. मला वाटलं आता तरी ओशाळतील. तर म्हणाले, बाईंची भाषा पूर्वीपेक्षा सुधारली आहे.

मी विचारलं, कुणी सांगितलं होतं हे सगळं माझ्या नावावर लिहायला?

"तुम्हीच. अशा वेळी जे लिहितात ते लिहा म्हणालात. मी लिहिलं."

मी म्हटलं, आणि तिच्या शिव्या? त्या माझ्या होत्या. माझ्या नावावर आल्या होत्या. तुम्ही त्या मला द्यायला हव्या होत्या. ते म्हणाले, दिल्या असत्या तर पुढच्या महिन्यात तुम्ही माझ्याकडे आला असतात का? तुमच्याकडे लिहायला कुणी उरलं असतं का? मग त्यांनी हलकेच विचारलं, बाईंना काय सांगितलंत? मी म्हटलं, शब्द माझे आहेत असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिल्यावर डोलावतात तशी. त्या मान डोलावण्याने माझं जितकं डोकं फिरलं तितकं अकरा वर्षांत फिरलं नव्हतं. मी चहाला नाही म्हटलं आणि निघालो.

गाडी वळवून घेतली तेव्हा ते फाटकापर्यंत आले होते. त्यांना मी दिसत नव्हतो. माझ्यापुढे मासळीचा एक टेम्पो उभा होता. मास्तरांनी त्यालाच माझी गाडी समजून हात वर केला, छातीवर ठेवला, पुन्हा वर केला. टेम्पोवाला बिचारा गोंधळून त्यांना हात दाखवत होता. मी हॉर्न दिला नाही. रागात होतो. तेच शेवटचं पाहणं.

दीड महिन्याने भाचीचा फोन आला. मी मातीला गेलो. परत येऊन बाईंना पत्र लिहायला बसलो. स्वतः, कागदावर. आधी मराठीत लिहिलं, मग मोबाइलवरचं पोर्तुगीज बघून एकेक अक्षर उतरवलं. माझी पत्रं लिहिणारा माणूस वारला, एवढंच. पुढे गुडघ्याचं विचारलं. दोन ओळी लिहायला सगळी दुपार गेली.

बाईंचं उत्तर काल आलं. ऑर्डर नेहमीची आहे. गुडघा बरा आहे. खाली एकच ओळ जास्त आहे: हा माणूस तुमचा कोण होता?

नोकर म्हणावं तर त्यांना मी पगार दिला नाही. दोस्त म्हणावं तर अकरा वर्षांत एकदाही त्यांच्याबरोबर जेवलो नाही. जे खरं आहे ते लिहिलं तर बाईंच्या पर्समधलं ते पत्र मी माझ्या हाताने फाडतो. आणि चाळीस माणसांची पोटं आहेत ती वेगळीच. खोटं लिहायचं तर तेवढं चांगलं खोटं मला येत नाही, ते काम ज्यांचं होतं ते दमणच्या मातीत निवांत पडले आहेत. मी भाचीला फोन केला. म्हटलं, त्या वह्यांच्या पेट्या काढ, मधला रकाना बघ, माझ्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते वाच. ती म्हणते, मधला रकाना सगळा पोर्तुगीजमध्ये आहे, तिला येत नाही, आणि ते कललेलं अक्षर मोबाइललाही लागत नाही. येत नाही म्हणून चालणार नाही. त्यांच्या घरातून, त्यांच्या विद्यार्थ्यांतून, कुठूनही, कुणीतरी माझ्यासमोर येऊन बसावं आणि सांगावं. बाई वाट बघताहेत. मी काय लिहू?